मामा दिसला की ब्रेक, मामा मागे पडला की रेस

पत्र:

ताई, नमस्कार. मी पेडणे तालुक्यातल्या धारगळची. नोकरी पणजीला, रोज गाडीने ये-जा. गाडी उशिरा शिकले, त्यामुळे फलकावर जो वेग लिहिलाय त्याच्या पुढे काटा जाऊ देत नाही. मागून सतत हॉर्न, अप्पर-डिपर, कधी काच खाली करून शिवीसुद्धा. माझे दीर म्हणतात, "वहिनी, अपघात तुमच्यासारख्यांमुळेच होतात. रस्त्यावर सगळ्यांच्या वेगाने जायचं असतं." पण पोलीस दिसले की हेच दीर करकचून ब्रेक मारतात आणि नाका मागे पडला की पुन्हा रेस. कॉलेजात जाणारा माझा मुलगा नाका दिसला की समोरून येणाऱ्यांना लाईट मारून सावध करतो. म्हणतो, "आई, ही माणुसकी आहे." गेल्या आठवड्यात गिरीच्या सरळ रस्त्यावर पोलीस बघून पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला. मी कशीबशी थांबले, पण मागचा स्कूटरवाला माझ्या बंपरवर आदळला. खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की हात थरथरतात. चूक माझी होती का? मुलाला काय सांगू? की महामार्ग सोडून आतल्या रस्त्याने जायला लागू?
– एक वाचक, धारगळ

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

चूक तुमची नव्हती. पुढची गाडी अचानक थांबली तरी तुम्ही तिच्यावर न आदळता थांबलात, याचा अर्थ तुम्ही अंतर राखून होतात. स्कूटरवाल्याने तेवढं अंतर राखलं नव्हतं. आणि या सगळ्याची सुरुवात ज्याने केली, तो पुढचा चालक बहुधा आरशातही न बघता निघून गेला. त्याला कळलंही नसेल की आपल्या पाठीमागे एक माणूस रस्त्यावर पडलाय.

गिरीचा तो पट्टा तुम्ही रोज बघता. दोन्ही बाजूंना शेतं, मधून सरळ रस्ता. करासवाड्याची गर्दी संपली की सगळ्यांचे पाय मोकळे सुटतात. मग कुठेतरी सावलीत उभी पोलिसांची जीप दिसते, बाजूला दोन-तीन शिपाई, आणि शंभर-दीडशे मीटरवरून लाल दिवे पेटायला लागतात. पहिला थोडा ब्रेक दाबतो, दुसरा जास्त, तिसरा करकचून, चौथा कडेच्या मातीत उतरतो. दुचाकीवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट चालत्या गाडीवर एका हाताने डोक्यावर चढवायचं. त्या दोन-चार सेकंदांत हँडलवर एकच हात, डोळे हेल्मेटच्या पट्ट्यावर आणि समोर सगळे ब्रेक मारतायत. पोलिसांनी अजून कुणाला अडवलेलंही नसतं आणि रस्ता धोकादायक होऊन बसलेला असतो.

ब्रेकची ही लाट मागे सरकत कशी वाढते, हे जपानमधल्या संशोधकांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं होतं. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना वळणाचा अडथळा, ना पोलीस. तरी थोड्याच वेळात कुणाचा तरी पाय किंचित हलला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, आणि कोंडी तयार होऊन ती गोलात उलट्या दिशेने फिरू लागली. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण काहीच नसताना असं होत असेल, तर नाका बघून सगळ्यांनी एकदम ब्रेक मारल्यावर मागच्या विसाव्या गाडीपर्यंत काय पोचत असेल याचा अंदाज करा. त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचली ती हीच लाट. स्कूटरवाल्याला तर बहुधा पोलीस दिसलेही नव्हते.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. ते पूर्ण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. एकाच रस्त्यावर काही गाड्या ४० ने आणि काही ९० ने जात असतील तर धोका वाढतो, हे खरं आहे. पण त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढलाय तो मला मान्य नाही. मर्यादेत चालणाऱ्याने मर्यादा मोडावी, हा उपाय कसा होईल? आणि गंमत अशी की वेगातला सगळ्यात मोठा फरक ते स्वतःच निर्माण करतात. नाका दिसण्याआधी ९०, नाक्यासमोर ४०, पुन्हा ९०. तुमची गाडी कुठे असेल आणि किती वेगाने चालली असेल, हे मागच्याला आधीच कळतं. त्यांच्या गाडीचं काहीच सांगता येत नाही.

त्यांना एक हिशोब दाखवा. कोरडा रस्ता, टायर चांगले, आणि समोरचं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू. ६० च्या वेगाने जाणारी गाडी साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. ८० ची गाडी थांबायला ७० मीटरच्या आसपास लागतात. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ६० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ८० ची गाडी अजून ६५ च्या आसपास वेगात असते, कारण तिचे पहिले ३३ मीटर ब्रेक लागण्याआधीच गेलेले असतात. म्हणजे वाटेत कुणी आडवं आलं तर एक गाडी त्याच्यापाशी थांबते आणि दुसरी त्याला ६५ च्या वेगाने धडकते. हा कोरड्या रस्त्याचा हिशोब झाला. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय असतं ते पेडण्याच्या माणसाला मी सांगायला नको.

आणि एवढं करून हाती काय लागतं? धारगळ ते पणजी साधारण २५ किलोमीटर धरा. ६० ने २५ मिनिटं, ८० ने १९. सहा मिनिटं वाचली. ती पर्वरीच्या रांगेत उभं राहून परत द्यायची.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडूनही हवी आहे. तुमच्या पत्रात तुम्ही कुठल्या लेनमधून जाता ते लिहिलेलं नाही. चौपदरी रस्त्यावर उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. तुम्ही मर्यादेच्या वेगाने, पण उजव्या लेनमध्ये सतत चालत असाल, तर मागच्याची चिडचिड मी समजू शकते. आपण नियमात आहोत म्हणून दुसऱ्याला शिस्त लावायला त्याची वाट अडवून धरायची, हे काम आपलं नाही. डावीकडे राहा. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. तो मर्यादा मोडतोय की नाही हे कॅमेरा आणि पोलीस बघतील. आणि कुणी ओव्हरटेक करायला लागलं की आपण वेग वाढवायचा नाही. नियमही तेच सांगतो, आणि पुढे गेलेल्या माणसाला घाईने आत घुसावं लागत नाही.

मला माहीत आहे, डाव्या लेनमध्ये राहा हे सांगणं सोपं आहे. आपल्या महामार्गाची डावी लेन म्हणजे बसस्टॉप नसलेल्या ठिकाणी थांबलेली बस, टायर बदलणारा ट्रक, गावच्या रस्त्यावरून न बघता बाहेर येणारी स्कूटर, आणि शिवाय उलट्या दिशेने येणारा एखादा शूर वीर, कारण पुढच्या कटपर्यंत जायचा त्याला कंटाळा. त्यामुळे अवजड ट्रकही उजव्या लेनमध्ये मुक्काम ठोकतात. मग बाकीचे सगळे डावी-उजवी नागमोडी करत पुढे जातात. यावर माझ्याकडे जादू नाही. लांबवर नजर ठेवा. डावीकडे अडथळा दिसला की आधी आरसा, मग इंडिकेटर, मग उजवीकडे, आणि अडथळा मागे टाकून परत डावीकडे. दोन्ही लेनमध्ये हळू गाड्या असतील तर मागेच राहा. नागमोडी जाणाऱ्याला तुम्ही पर्वरीच्या सिग्नलला पुन्हा गाठालच.

मागून कुणी अगदी चिकटून येत असेल तर त्याला धडा शिकवायला ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. हळूहळू वेग थोडा कमी करा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला हळू थांबता येईल, आणि मागच्यालाही. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की दोन सेकंद मोजा, त्यानंतर तुम्ही त्या खांबापाशी पोचायला हवं. ६० च्या वेगाने हे अंतर ३३ मीटर होतं. पावसात चार सेकंद.

दुपदरी रस्त्याचं वेगळं. तिथे हळू वाहनामागे अडकल्यावर माणसांचा जीव कासावीस होतो. करमल घाटात किंवा मोल्याच्या पुढे अनमोडला चढताना हे बघावं. ४० ने चाललेल्या ट्रकला ६० ने ओव्हरटेक करायला, आत-बाहेर व्हायचं अंतर धरून, साधारण दहा सेकंद लागतात. त्या वेळात तुमची गाडी जवळजवळ १६७ मीटर जाते आणि समोरून ६० ने येणारी तेवढीच. म्हणजे समोर साधारण ३३५ मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. घाटात असा रस्ता दाखवा मला. दिसत नसेल तर ट्रकमागेच राहायचं. आणि आपणच हळू असू, मागे रांग लागली असेल, तर रुंद जागा बघून इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचं आणि रांग जाऊ द्यायची. यात कमीपणा काहीच नाही. टिपरवाले सुद्धा हे करतात, मी बघितलंय, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

नाक्याबद्दल. पोलीस दिसले म्हणून ब्रेक मारायचा नसतो. तुम्ही मर्यादेत असाल तर फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, आरशात बघा आणि आहे त्या लेनमधून पुढे चला. हात दाखवून थांबवलं तर डावा इंडिकेटर, सावकाश कडेला, काच खाली. रात्री असेल तर आतला दिवा लावा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असतील तर कायद्याने ते चालतं, कागद हातात असायलाच हवेत असं नाही. तालांव, म्हणजे दंडाचं चलन, दिला तर तो नीट वाचा, कलम काय लावलंय ते विचारा, पावतीशिवाय पैसे देऊ नका. आवाज चढवायची गरज नाही, घाबरायचीही नाही.

आणखी एक प्रकार मी नेहमी बघते. पोलिसांची जीप ४५-५० ने चाललेली असते आणि तिच्या मागे पाऊण किलोमीटरची वरात, कुणाची पुढे जायची हिंमत नाही. जीपने अडवलेलं नसेल, लेन मोकळी असेल आणि तुमचा वेग मर्यादेत असेल, तर जीपला ओव्हरटेक करणं हा गुन्हा नाही. या वरातीत मागून बांबोळीला निघालेली रुग्णवाहिका अडकते तेव्हा मला फार राग येतो. पेडण्याचा गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला, न्यायचा तर हाच रस्ता. रुग्णवाहिकेला वाट न देण्याला कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, पण पोलिसांची जीप पुढे आहे म्हणून सगळी रांग गोठून बसली, तर दंड करणार कुणाला?

पोलिसांनाही मला सांगायचंय, कारण दोष एकट्या चालकांचा नाही. नाका वळणाच्या पलीकडे, उताराच्या तळाशी किंवा झाडामागे लावला की लोक पकडले जातात, पण ब्रेकही अचानक लागतात. लांबून दिसेल असा फलक, शंकू आणि गाड्या बाजूला घ्यायला पुरेशी जागा असेल तर तोच नाका रस्ता सुरक्षित करतो. परराज्यातल्या नंबरप्लेट आणि भाड्याच्या गाड्याच तेवढ्या वेचून थांबवल्या जातात, ही पर्यटकांची तक्रार ऐकू येते. आपल्या लोकांची तक्रार बरोबर उलटी असते. दोन्ही तक्रारींवर उत्तर एकच, सगळ्यांना सारखा न्याय. मेरशीच्या जंक्शनवर २०२३ मध्ये कॅमेऱ्याने चालणारी सिग्नल यंत्रणा आली आणि चलन थेट मोबाईलवर यायला लागलं. तिथे रेषेच्या मागे थांबणारी माणसं बघा आणि तीच माणसं दोन किलोमीटर पुढे बघा. कॅमेऱ्याला सावली लागत नाही, ओळख लागत नाही, दुपारी जेवायला जावं लागत नाही. असे आणखी कॅमेरे बसायला हवेत, विशेषतः जिथे लोक नाका बघून वेग बदलतात तिथे.

आता तुमचा मुलगा. त्याला रागावू नका. समोरच्या अनोळखी माणसाचा तालांव वाचावा असं ज्याला वाटतं, त्याच्या मनात वाईट नाही. पण त्याला शांतपणे एवढंच विचारा: तुझ्या लाईटने कोण सावध झालं, हे तुला माहीत आहे का? सीटबेल्ट विसरलेला कारकून असेल. हरमल-मोरजीकडून पिऊन निघालेला कुणी असेल, जो तुझा इशारा बघून आतल्या वाटेने वळला आणि त्या वाटेवर कुणाची तरी आजी दूध आणायला निघालेली असेल. चोरीची बाईक असेल. दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावर पोलीस श्वास तपासायचं मशीन घेऊन उभे असतात ते अशाच माणसासाठी. तुमचा मुलगा ज्याला वाचवतो तो बहुतेक वेळा कुणीतरी साधा माणूस असेल, हे मी मान्य करते. पण तो निवड करू शकत नाही. लाईट सगळ्यांनाच दिसतो.

त्याच्या माणुसकीला दुसरी वाट दाखवा. वळणावर बसलेली गुरं, पडलेलं झाड, मागचा दिवा बंद असलेला उभा ट्रक, नुकताच झालेला अपघात. यासाठी लाईट मार म्हणावं, पार्किंग लाईट लाव, थांबून १०८ ला फोन कर. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचं संरक्षण दिलंय, साक्षीदार व्हायची किंवा नाव सांगायची सक्ती नाही. कॉलेजच्या मुलांना हे सांगितलेलंच नसतं, म्हणून ती बघत उभी राहतात.

आणि तो बाईक चालवत असेल तर हेल्मेट कोपरात आहे की डोक्यात, तेही बघा. घरातून निघतानाच बकल लावलेलं. पकडलं गेलं तर १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित, हे एका बाजूला. गोव्यात गेल्या काही वर्षांत रस्त्यावर दरवर्षी अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान माणसं जातायत आणि त्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवाले आहेत. इतक्या लहान राज्यात आता असं गाव सापडणं कठीण, जिथे कुणाच्या तरी घरी तरुण मुलाचा फोटो हार घालून लावलेला नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. त्याच्या वयाच्या मुलांबद्दल मला खरंच काळजी वाटते.

महामार्ग सोडू नका. कोलवाळहून आत वळून थिवी, हळदोणे, पोंबुर्फ्याकडून पर्वरीला निघता येतं, पण तिथे अरुंद वळणं, गतिरोधक, शाळेची मुलं, पहाटे सायकलवरून पाव विकणारा पोदेर. हात थरथरत असताना तो रस्ता सोपा जाईल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा येत्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना, मुलाला शेजारी बसवून धारगळ ते गिरी एकदा जाऊन या. त्याला फक्त दोन सेकंद मोजायला सांगा, खांबावरून. तोही शिकेल. कामाच्या दिवशी दहा मिनिटं आधी निघा, डावीकडे राहा, आणि ज्या जागी धडक झाली तिथून जाताना रेडिओ बंद ठेवा, म्हणजे लक्ष आरशात राहील. महिनाभरानंतरही थरथर गेली नाही तर डॉक्टरांना सांगा; अपघातानंतर असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. स्कूटरवाल्याचा नंबर घेतला असेल तर त्याला एक फोन करून कसा आहेस म्हणून विचारा, आणि विम्याचं काय ते त्याच फोनवर मिटवून टाका.